इंचभर सैल

मास्तरांनी शिलाई मशीन विकायचं ठरवलं, त्याला निमित्त झालं मुलाच्या शर्टाचं तिसरं बटण. सकाळी कामावर निघताना मुलगा बुटाची नाडी बांधायला वाकला आणि ते बटण टणकन उडून थेट चहाच्या कपात पडलं. कप मास्तरांचा होता. त्यांनी चमच्याने बटण बाहेर काढलं, पुसून खिशात टाकलं आणि उरलेला चहा तसाच ठेवून उठले. चहा टाकून उठणाऱ्यातला हा माणूस नव्हे. 

आता बटण तुटणं म्हणजे काही जगबुडी नव्हे. पण हे बटण मास्तरांच्या हातचं होतं. बाजारात त्यांचं दुकान होतं तेव्हा लोक म्हणायचे, मास्तरांचा शर्ट फाटेल, पण बटण जागचं हलणार नाही. आणि ते खरंच होतं, कारण आताही दोरा तुटला नव्हताच. बटण आपल्यासोबत कापडाचा तुकडा घेऊन उडालं होतं. म्हणजे टाक्याचा दोष नव्हता, शर्टच अंगाला पुरत नव्हता. तो शर्ट शिवून अजून पुरता महिनाही झाला नव्हता.

दुकान बंद केल्यावर मास्तरांनी मशीन घरी आणलं आणि मागच्या खोलीत, कपडे वाळवायच्या ड्रायरला खेटून मांडलं. गिऱ्हाइकं संपली तरी घरची माणसं कुठे जातात? बायको, मुलगा, सून, नात, सगळ्यांचे सुती कपडे मास्तरच शिवत, आणि शिवत ते आपल्या कायद्याने. कापड आणलं की आधी पाण्यात भिजवून दोरीवर वाळवायचं, मगच त्याला कात्री लावायची. सुती कापड पाण्याने आटतं. जे काय आटायचं ते कापण्याआधीच आटून जाऊ दे. घरच्यांना टेप लावायची नाही, रोज डोळ्यांसमोर असतात त्यांना मोजायचं काय? ट्रायलही गिऱ्हाइकाला, घरच्यांना नाही. आणि नवा कपडा खडूच्या खुणा मिरवत कुणी अंगात घालायचा नाही. तो धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच घालायचा. उभ्या आयुष्यात हा कायदा कधी चुकला नव्हता. त्यामुळे कपडे अंगाला होईनासे झाले तेव्हा घरातल्या प्रत्येकाने दोष स्वतःकडे घेतला, आणि गंमत म्हणजे कुणी कुणाला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

मुलाला वाटलं, आपलं पोट सुटलं. बायको बेकरीत, घरात पाव आणि केक यांचा सुकाळ, पोट नाही सुटणार तर काय होणार! त्याने निमूटपणे सगळं सोडलं आणि उकडलेल्या भाज्यांवर आला. नात एका जागी म्हणून टिकत नसे, त्यामुळे मास्तरांनीच मशीनमधल्या गरगरणाऱ्या रिळावरून तिचं नाव बॉबिन ठेवलं होतं. तिची मनगटं बाह्यांतून बाहेर डोकावायला लागली तेव्हा सगळे कौतुकाने म्हणाले, पोरगी ताडामाडासारखी वाढतेय. सुनेला वाटलं, पीठ मळून मळून आपले दंड भरले. मास्तरांच्या बायकोला काहीच वाटलं नाही, कारण तिचे कपडे पहिल्यापासूनच ढगळ. राहता राहिले मास्तर, आणि त्यांना जे वाटलं ते सगळ्यांत वाईट होतं. त्यांना वाटलं, आपली नजर गेली.

डोळ्यांची नजर नव्हे हं. सुईत दोरा ते अजून चष्म्याशिवाय ओवत. ही मापाची नजर. माणूस समोरून चालत आला की त्याची छाती, खांदा, बाही मनात आपोआप उमटायची, पुढे टेप लावायची ती निव्वळ गिऱ्हाइकाचं समाधान म्हणून. बाकी मास्तरांपाशी मिरवायला दुसरं होतं काय? शिक्षण बेताचं, बोलणं तिरकस, गाता गळा नाही. होती ती ही एक नजर. तीच दगा देऊ लागली तर उरलेल्या मास्तराला कुणी काय म्हणून मास्तर म्हणायचं? कात्री हातात घ्यायची त्यांना भीती वाटू लागली होती, आणि भीती वाटते हे सांगायची त्याहून जास्त.

बटणाच्या त्या सकाळी ते तडक बाजारात गेले आणि रफूवाल्याला म्हणाले, "मशीन न्यायचंय का?"

रफूवाल्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. फाटक्या कपड्यांना रफू करता करता त्याची हयात गेली होती आणि मास्तरांच्या मशीनवर त्याचा डोळा कैक वर्षांपासून होता. "चेष्टा करताय का मास्तर?"

"रविवारी सकाळी हातगाडी घेऊन ये. माझा विचार बदलायच्या आत."

घरी जेवताना त्यांनी ही बातमी सांगितली तेव्हा सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"बाबा, आणि माझे कोट?" सून म्हणाली.

तिचं रडगाणं नव्हतं ते, हक्क होता. दोन मैत्रिणींना हाताशी धरून ती स्वतःची बेकरी उघडणार होती. भट्टी बसली होती, पाटी रंगवून झाली होती, आणि तिघींचे पांढरे सुती कोट मास्तरांनी शिवायचे हे केव्हाच ठरलं होतं. कापडसुद्धा येऊन, भिजून, वाळून कपाटात घडी घालून पडलं होतं.

"तयार मिळतात बाजारात," मास्तर ताटाकडे बघत म्हणाले. "नव्या दुकानात आखूड बाह्यांनी उभ्या राहणार का तिघी? लोक हसतील. तुम्हाला नाही, मला."

"अहो, पण मशीन कशाला विकायचं?" बायको म्हणाली. "राहू दे की कोपऱ्यात."

"कोपऱ्यात बसून ते माझ्याकडे बघत राहतं," मास्तर म्हणाले आणि हात धुवायला उठले.

बेकरीतल्या माणसांचा दिवस पहाटे सुरू होऊन दुपारी संपतो. शुक्रवारी दुपारी सून घरी आली तेव्हा मास्तर मशीनला तेल देत होते, नवरीची पाठवणी करावी तसे, आणि सासूबाई शेजारी खुर्चीत डोळे मिटून समाधी लावून बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर ड्रायरमधून नुकतेच काढलेले टॉवेल होते.

"आलीस? जरा आतले बाकीचे पण काढ गं," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "हे निवायला लागले."

सुनेने ड्रायरचं दार उघडून आत हात घातला आणि "आई गं!" म्हणून बाहेर ओढला. पँटच्या लोखंडी हुकाचा चांगलाच चटका बसला होता. रोज भट्टीत हात घालणारी बाई, साध्यासुध्या उष्णतेला ती दाद देणारी नव्हती. तिने बोट तोंडात धरून ड्रायरच्या चकतीकडे पाहिलं. चकती 'मंद'वर होती.

"आई, मंदावर लावलं होतं?"

"मी नेहमी मंदावरच लावते. सुती कपड्यांना जोर सोसत नाही, एवढं कळतं मला."

"मग इतके गरम कधीपासून निघतात?"

सासूबाईंनी एक डोळा उघडला. प्रश्नाचा रोख त्यांना आवडला नव्हता. "झाले असतील काही महिने. अगं, आधी नुसते कोमट निघायचे. यंत्र वापरून वापरून आता कुठे तापायला शिकलंय."

"यंत्र शिकत नाही हो आई, बिघडतं!"

"बिघडलेलं असं वागतं का? माझे गुडघे विचार जाऊन, किती उपकार झालेत त्यांच्यावर." असं म्हणून त्यांनी टॉवेल जरा जवळ ओढून घेतला. घरातल्या एका माणसाला सगळी खबर होती, आणि तिने ती गुडघ्यांखातर पोटात ठेवली होती.

सुनेने पिशवीतून भट्टीतला तापमापक काढला, ड्रायर रिकामा करून मंदावरच सुरू केला आणि मागच्या नळीतून गरम हवा बाहेर पडते तिथे तो धरला. काटा चढायला लागला. ड्रायरवर मंदासाठी दिलेल्या आकड्याशी यावा, थांबावा, मागे फिरावा, अशी रीत. पण काटा मंद ओलांडून पुढे गेला, मध्यम ओलांडून पुढे गेला, आणि उतावळ्या पाहुण्यासारखा आत आत शिरतच राहिला. तिने घाईने बटण बंद केलं.

"थर्मोस्टॅट गेलाय याचा," ती म्हणाली. "आमच्या भट्टीचंही असंच झालं होतं. खूण मंदावर आणि पावाचा कोळसा. आत एक एवढीशी टिकली असते. हवा पुरेशी तापली की ती वीज तोडते, निवली की परत जोडते. ती चिकटून बसली की संपलं. पुढे आणखी एक पहारेकरी असतो, अगदीच हद्द झाली की तो वीज तोडतो. तो जागा आहे म्हणून घर शाबूत आहे."

"म्हणजे थर्मास गेला?" सासूबाई म्हणाल्या.

"थर्मोस्टॅट, आई."

"तेच ते, थर्मास. गरम ठेवतो तो."

पण सुनेचं लक्ष तिकडे नव्हतं. हातातली तेलाची बुधली तशीच धरून मास्तर तिच्याकडे बघत होते. "बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला, "बाबा, तुमचं माप नाही चुकलं! हे कपडे भाजून निघतायत. आटतायत ते!"

मास्तरांच्या छातीत काहीतरी उडी मारून उठलं. त्यांनी ते तिथल्या तिथे दाबून खाली बसवलं. म्हातारपणी आशा फार महागात पडते. "कापड मी भिजवून घेतो," ते म्हणाले. "एकदा आटलेलं कापड पुन्हा आटत नाही."

"पाव एकदा भाजला म्हणून पुन्हा भट्टीत ठेवला तर आहे तसा राहतो का? त्याचा टोस्ट होतो. लहान होतो, कडक होतो. तुम्ही गार पाण्यातून काढलेलं कापड या भट्टीत घरंगळत भाजलं, तर ते तुमचं ऐकणार आहे होय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर कुठे, तर मशीनला खेटून, हाताच्या अंतरावर! पण ते खुर्चीत टेकले तेव्हा त्यांच्या मनात दुसरंच सुरू झालं होतं.

"यंत्र बिघडलंय, कबूल," ते हळू आवाजात म्हणाले. "पण म्हणून माझी नजर शाबूत आहे हे कुठे ठरलं, पोरी? दोन म्हाताऱ्या वस्तू एका खोलीत आहेत. दोन्ही बिघडलेल्या असू शकतात."

सुनेने तापमापक पुसून पिशवीत ठेवला.

संध्याकाळी मुलाला हे कळलं तेव्हा त्याने आधी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग ड्रायरकडे. "म्हणजे मी जाडा झालोच नाही?"

"नाही."

"आणि मी इतके दिवस उकडलेला कोबी खाल्ला?"

"तुला कुणी सांगितलं होतं? मला वाटलं, तुला आवडायला लागला."

"कोबी कुणाला आवडतो का?" तो इतक्या कळवळून ओरडला की बॉबिन पलंगावर लोळून लोळून हसली. मग तो स्वयंपाकघरात गेला, आणि तिथून केकच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. परत आला तो तोंडाच्या कडा पुसत. "उद्या सुट्टी आहे," तो म्हणाला. "उद्या या चोराला उघडतो."

शनिवारी सकाळी चहा उरकून मुलाने ड्रायरची वायर भिंतीतून काढली, तो भिंतीपासून पुढे ओढला, मागची नळी सोडवली आणि पाठीच्या पत्र्याचे स्क्रू काढायला बसला. सून टॉर्च धरून बसली. मास्तर लांब खुर्चीत बसून म्हणाले, मला काही कळत नाही यातलं. थोड्या वेळाने खुर्ची जरा पुढे आली. आणखी थोड्या वेळाने ते मुलाच्या खांद्यावरून वाकून आत बघत होते.

पत्रा निघाला आणि आत राखाडी लोकरीसारखा लोंबणारा थर दिसला. कपड्यांतून उडालेले धागे नळीच्या तोंडाशी साठले होते. मुलाने तो झाडायला हात घातला, तर मास्तर म्हणाले, "थांब." त्यांनी चिमटीत थोडा थर उचलून उजेडात धरला आणि बोटांनी विंचरला. "ही निळी रेघ तुझ्या शर्टाची. हे पिवळं बॉबिनच्या झग्याचं. हा तुझ्या आईचा गाऊन." आपलं शिवलेलं सगळं इथे येऊन बसलं होतं. मास्तरांना हसूही आलं आणि गलबलूनही आलं. मग त्यांनी स्वतःच सगळा थर निगुतीने काढला.

पंख्याच्या आवरणावर, दोन स्क्रूंनी धरलेली ती टिकली सापडली. नाण्याएवढी गोल, आणि तिला चार वायरी. "आता यातली कुठली कुठे होती हे लक्षात कसं ठेवायचं?" मुलगा डोकं खाजवत म्हणाला. "फोटो काढतो."

"फोटो कशाला?" मास्तरांनी कानावरचा खडू काढला. पुढचा भाग कुठला, मागचा कुठला, कुठली बाही कुठल्या खांद्याची, हे शिंपी दुसरं कशाने लक्षात ठेवतो? त्यांनी पहिल्या वायरीवर एक रेघ मारली आणि तिच्या जागेशी पत्र्यावर एक रेघ मारली. दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला फुली. "आता डोळे मिटून जोड."

एक स्क्रू निघाला. दुसरा निघता निघता मुलाच्या बोटांतून निसटला आणि टिणटिण करत यंत्राच्या पोटात गडप झाला. मुलाने जे म्हटलं ते सासूबाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. मास्तरांनी मशीनच्या खणातून टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक काढलं, त्याला दोरा बांधला आणि विहिरीत पोहरा सोडावा तसं ते आत सोडलं. स्क्रू वर आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मास्तरांनी चुंबक खणात परत ठेवलं तेव्हा त्यांची मान जरा ताठ होती.

टिकली आणायला तेच गेले. मी जातो, म्हणाले, तुम्ही झाडलोट करा. सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर जुनी टिकली ठेवून ते म्हणाले, "असा एक द्या."

"माप काय?" दुकानदाराने विचारलं.

सवय हो! मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला आणि क्षणात टिकलीचा घेर मोजून ते म्हणाले, "घेर साडेतीन इंच. उंची अर्ध्याला जरा कमी."

दुकानदार आधी टेपकडे बघत राहिला, मग मास्तरांकडे. "काका, घेर सगळ्यांचा सारखाच असतो. कुठल्या तापमानाला तुटायचं, ते याचं माप. ते पाठीवर कोरलेलं असतं, हे बघा." त्याने आकडा वाचून तोच आकडा असलेली नवी टिकली काढली. मग तपासायचा काटा दोन्हींना लावून, खाली वायरींना डाग द्यायची तापलेली सळई धरली. जुनी ढिम्म. नवी मात्र जरा वेळाने टक्कन वाजली, आणि फुंकर मारल्यावर पुन्हा टक्कन.

"पुन्हा करा बघू," मास्तर म्हणाले. दुकानदाराने पुन्हा केलं. टक्. मास्तर लहान मुलासारखे खूश झाले. "शहाणी आहे. कुठे थांबायचं ते कळतं तिला."

दुपारपर्यंत टिकली बसली. एक रेघ एका रेघेला, दोन दोनला, फुली फुलीला. नळी साफ झाली, पाठीवर पत्रा चढला, वायर भिंतीत गेली. सुनेने तापमापक धरला. काटा चढला, मंदाच्या आकड्यापाशी आला, आतून बारीक टक् ऐकू आलं, आणि काटा मागे फिरला. बॉबिनने घरभर नाच केला. सासूबाईंनी पहिला टॉवेल गुडघ्यावर ठेवला, चेहरा पाडला आणि म्हणाल्या, "गेला थर्मास."

"तुला रबराची गरम पाण्याची पिशवी आणून देतो," मुलगा म्हणाला.

"आणि ती भरणार कोण?"

"मी! केक खाऊन अंगात ताकद आलीय."

हसणं ओसरलं, आणि सुनेने कपाटातून पांढरं कापड काढून मशीनवर ठेवलं. "बाबा, एक कोट. माझा एकटीचा. उद्या रफूवाले येईपर्यंत मशीन आपलंच आहे. चुकला तर चुकला, मी त्याची भांडी पुसायची फडकी करीन."

"फडकी!" मास्तर दुखावून म्हणाले. पण हात कापडावर गेला होता.

सगळ्यांना त्यांनी खोलीबाहेर काढलं. सून दारातून निघताना त्यांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. खांदा, बाही, छाती, उंची. आकडे मनात उमटले, नेहमीसारखे, स्वच्छ. त्यांनी खडूने रेघा मारल्या आणि कात्री उचलली, आणि कात्री कापडावर टेकून तशीच थांबली. हे आकडे मागच्या शर्टाच्या वेळीही असेच स्वच्छ उमटले होते की! तेव्हा तरी कुठे शंका आली होती? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नव्हतं, आणि प्रत्येक रेघेबाहेर इंचभर जास्त सोडून दुसरी रेघ मारली. दोन्ही बाजूंना इंच. बाहीला इंच. उंचीला इंच. बाहेरच्या रेघेवरून कात्री फिरली. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि करताना त्यांना स्वतःची लाज वाटली. आतल्या रेघा त्यांनी घासून पुसून टाकल्या. दिवेलागणीला कोट तयार झाला.

रविवारी सकाळी रफूवाला सांगितल्या वेळेच्या आधीच हजर झाला, इस्त्रीचा शर्ट घालून, खाली हातगाडी लावून. त्याला वाटलं होतं मशीन उचलायचं आणि निघायचं. पण मागच्या खोलीत सगळं घर ड्रायरसमोर बसलं होतं. काचेच्या गोल दारामागे एकच पांढरा कोट घिरट्या घेत होता आणि सगळे त्याच्याकडे निकाल लागायचा असल्यासारखे बघत होते.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"बसा," सासूबाई म्हणाल्या. "चहा घ्या. कोट वाळतोय."

रफूवाला बसला. कुणी सांगितलं नाही तरी तोही कोटाकडे बघू लागला. मास्तर मात्र मशीनच्या चाकावर हात ठेवून, ड्रायरकडे पाठ करून उभे होते. आत टक् वाजायचं, जरा वेळाने पुन्हा टक्. प्रत्येक टक् त्यांना ऐकू येत होतं.

ड्रायर थांबला. सुनेने कोट काढला, झटकला, अंगात घातला, बटणं लावली आणि आरशापुढे उभी राहिली. बाही मनगट ओलांडून पंजावर उतरली होती. बाजूंनी झोळ पडला होता. कोटाची कड गुडघ्याखाली गेली होती.

"छान आहे," मुलगा घाईने म्हणाला.

"मला सैलच आवडतो," सून त्याहून घाईने म्हणाली. "भट्टीपुढे हवा लागते." तिचा चेहरा मात्र रडवेला झाला होता.

रफूवाला धंद्यातला माणूस, त्याला खोटं बोलता आलं नाही. "मास्तर," तो हळहळून म्हणाला, "सैल झालाय हो."

मास्तर वळले. त्यांनी सुनेला नुसतं पाहिलं. मग ते लगबगीने पुढे आले, बाहीची कड चिमटीत धरून मनगटापर्यंत मागे सारली आणि गळ्यातली टेप लावली. दोन्ही बाजूंची कापडाची चिमट घेऊन मोजली. गुडघ्याशी वाकून खालची कड मोजली. वाकलेले ते तिथेच जमिनीवर बसले, आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"अहो, काय झालं? काही होतंय का?" बायको घाबरून उठली.

"इंच!" मास्तर म्हणाले. "बाहीला इंच. बाजूला इंच. खाली इंच. ना सूत कमी, ना सूत जास्त!"

"म्हणजे?"

"अगं, तो इंच मी घातलाय! घाबरून. तुमची पाठ वळल्यावर, चोरासारखा. माझं माप आत होतं, मी बाहेर कापलं. आणि बघ, तेवढाच इंच सैल झालाय, तेवढाच! म्हणजे आतलं माप..." त्यांनी सुनेचा हात धरला आणि तिच्याच आधाराने उठले. सून रडत होती आणि हसत होती. बॉबिनला काही कळलं नव्हतं, पण एवढ्या आनंदात गप्प राहणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून ती उड्या मारत होती.

"ही चूक माझी आहे," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, जणू बक्षीस लागलं होतं. "यंत्राची नाही, कापडाची नाही, म्हातारपणाची नाही. माझी आहे, आणि मला दुरुस्त करता येते."

रफूवाल्याने रिकामा कप खाली ठेवला. गेले काही दिवस तो त्या मशीनची स्वप्नं बघत होता, पण तोही शेवटी सुईदोऱ्याचाच माणूस. "मग मी गाडी रिकामीच नेतो ना?" त्याने विचारलं, आणि त्यालाही हसू आवरेना.

"रिकामी कशाला? हिने केक केलाय, तो ने. आणि माझी माफी ने." मास्तर मशीनवर बसले सुद्धा होते. कोट त्यांनी सुनेकडून हिसकावूनच घेतला होता आणि उसवायला सुरुवात केली होती.

"बाबा, जरा दमाने," सून डोळे पुसत म्हणाली. "बाकीचे दोन कोट नंतर शिवा. मी दोघींना फोन करून त्यांची मापं मागवते."

मास्तरांनी मान वर केली नाही. दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, "मापं नकोत. संध्याकाळी चहाला बोलाव त्यांना. नुसत्या दारातून आत येऊ देत."